जागा आणि शब्द एकत्र शोधताना इंडेक्स कोणता? दोन्ही कॉलमवर इंडेक्स असूनही काही क्वेरी अडकतात

प्रश्न · नकाशा_टेबल

पोस्टग्रेस डेटाबेस, आवृत्ती १५, सोबत नकाशाच्या डेटासाठीचं पोस्टजीआयएस एक्सटेन्शन. 'ठिकाणे' नावाच्या टेबलात साधारण ६० लाख रेकॉर्ड आहेत. कामाचे कॉलम दोन: 'जागा' (जिऑग्राफी पॉइंट, ४३२६ म्हणजे अक्षांश-रेखांशांची पद्धत) आणि 'शब्द' (नाव आणि वर्णन मिळून तयार होणारा टीएसव्हेक्टर, म्हणजे शोधासाठी सुटे केलेले शब्द; स्टोअर्ड जनरेटेड कॉलम). जागेवर जिस्ट इंडेक्स आहे (जवळचे बिंदू एका गटात ठेवणारं झाड), शब्दावर जिन (प्रत्येक शब्दामागे त्याच्या रेकॉर्डची यादी).

क्वेरी साधी आहे: शब्द जुळला पाहिजे (@@), ऑर्डर बाय जागा <-> दिलेला बिंदू, लिमिट २०. म्हणजे या शब्दाची सगळ्यात जवळची वीस ठिकाणं.

'पार्किंग' शोधलं की काही मिलिसेकंदांत उत्तर येतं. 'डायलिसिस' शोधलं की कित्येक सेकंद जातात. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) फक्त जागेचा इंडेक्स स्कॅन दिसतो आणि खाली 'रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर' (वाचून टाकून दिलेले रेकॉर्ड) ३९ लाखांच्या घरात. जिन इंडेक्सला प्लॅनरने (क्वेरीचा रस्ता ठरवणारा भाग) हातच लावलेला नाही.

दुसरी क्वेरी त्रिज्येची: एसटी-डीविदिन (दिलेल्या अंतराच्या आतले बिंदू) ५ किमी ठीक चालते, पण दाट वस्तीच्या भागात ५० किमी दिली की पुन्हा रखडते. तिथे मात्र बिटमॅप अँड दिसतो, म्हणजे दोन्ही इंडेक्स वापरले जातायत, आणि 'हीप ब्लॉक्स'मध्ये लॉसीचा आकडा मोठा आहे.

जिओहॅशचा (नकाशाच्या चौकटीला दिलेला अक्षरांचा कोड) कॉलम करून त्यावर साधा बी-ट्री इंडेक्स टाकावा का? की हे सगळं इलॅस्टिकसर्चकडे (शोधासाठीचं वेगळं सर्व्हर) न्यावं? नेमका कोणता इंडेक्स प्रकार यासाठी आहे?

---

उत्तर · प्लॅन_वाचक

इलॅस्टिकसर्चचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या दोन क्वेरींची दुखणी वेगळी आहेत, आधी पहिली बघू.

<-> ने ऑर्डर बाय केलं की जिस्ट इंडेक्स रेकॉर्ड अंतराच्या क्रमाने एकेक बाहेर काढतो. शब्दाबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. प्रत्येक रेकॉर्ड टेबलमधून आणायचा, शब्द तपासायचा, जुळला नाही तर टाकायचा, आणि वीस जुळेपर्यंत हेच चालू. शब्द दर दहा रेकॉर्डमागे एकात असेल तर साधारण २०० रेकॉर्ड पाहून काम संपतं. शब्द ६० लाखांत फक्त ३०० ठिकाणी असेल तर दर २०,००० रेकॉर्डमागे एक सापडणार, म्हणजे विसांसाठी सुमारे ४ लाख. आणि तो शब्द मुळात १२ च ठिकाणी असेल तर वीस कधीच भरत नाहीत, अख्खं टेबल पालथं घातलं जातं. तुमच्या 'डायलिसिस'चा आकडा पाहता प्रकार याच जातीचा आहे.

उलट रस्ता असा: आधी जिनमधून शब्दाचे सगळे रेकॉर्ड काढायचे, अंतर मोजायचं, सॉर्ट करून वीस ठेवायचे. यात शब्द जितक्या ठिकाणी आहे तितकं काम. ३०० असतील तर किरकोळ, २० लाख असतील तर वाईट.

म्हणजे एक रस्ता शब्द दुर्मीळ असला की मरतो, दुसरा शब्द सर्रास असला की. हिशोब मांडून सीमारेषा काढता येते. एकूण रेकॉर्ड न, हवे असलेले क, आणि शब्द असलेले रेकॉर्ड फ. पहिल्या रस्त्याचं काम न × क ÷ फ, दुसऱ्याचं फ. दोन्ही समान होतात तेव्हा फ म्हणजे न × क चं वर्गमूळ. तुमच्याकडे ६० लाख × २० = १२ कोटी, वर्गमूळ सुमारे ११,०००. शब्द याहून कमी ठिकाणी असेल तर जिनकडून जा, जास्त ठिकाणी असेल तर अंतराकडून. नेमकी निवड झाली तर सगळ्यात वाईट शब्दालाही ११,००० च्या आसपासच रेकॉर्ड पाहावे लागतात. प्रत्यक्षात अंतराच्या क्रमाने येणारे रेकॉर्ड डिस्कवर विखुरलेल्या पानांवर असतात आणि बिटमॅप स्कॅन पानं क्रमाने वाचतो, म्हणून खरी सीमारेषा ११,००० च्या बरीच वर सरकते. ती तुमच्या मशीनवर मोजूनच ठरवा.

ही निवड प्लॅनरने करायला हवी, पण त्याला शब्दांची वारंवारता पुरेशी माहीत नसते. टीएसव्हेक्टर कॉलमसाठी तो सर्रास येणाऱ्या शब्दांची एक यादी ठेवतो. यादीबाहेरच्या शब्दाला, यादीतल्या सगळ्यात कमी वारंवारतेच्या निम्म्याहून जास्त धरत नाही, इतकंच. शब्द १२ ठिकाणी आहे की २,०००, हा फरक त्याला दिसत नाही. म्हणून पहिलं काम: 'शब्द' कॉलमचं स्टॅटिस्टिक्स टार्गेट १०० वरून १,००० करा आणि अ‍ॅनालाइझ चालवा. यादी दसपट लांबते आणि बऱ्याच क्वेरी तेवढ्यानेच सुधारतात.

तेवढ्याने भागलं नाही तर निवड अ‍ॅप्लिकेशनमध्ये घ्या. टीएस-स्टॅट फंक्शन प्रत्येक शब्द किती रेकॉर्डमध्ये आहे ते देतं (त्यातला एनडॉक हा आकडा). ते अख्खं टेबल वाचतं, म्हणून रात्री एकदा चालवून निकाल छोट्या टेबलात ठेवा. शोध आला की त्यातून फ पाहा. शब्द अनेक आणि सगळे हवे असतील तर सगळ्यात दुर्मीळ शब्दाचा आकडा वरची मर्यादा म्हणून धरा. कोणताही एक चालणार असेल तर बेरीज करा.

दुर्मीळ बाजूची क्वेरी लिहिताना शब्दाची अट विथ क्लॉजमध्ये टाका आणि त्यावर 'मटेरियलाइझ्ड' लिहायला विसरू नका. पोस्टग्रेस १२ पासून साधा विथ क्लॉज बाहेरच्या क्वेरीत विरघळतो आणि प्लॅनर पुन्हा अंतराच्या इंडेक्सवर जाऊ शकतो.

आता त्रिज्येची क्वेरी. बिटमॅप अँडमध्ये दोन्ही इंडेक्स पूर्ण वाचले जातात, मग छेद घेतला जातो. ५० किमीत १० लाख रेकॉर्ड असतील आणि शब्दाचे ३०० असले तरी दहा लाखांचा बिटमॅप (जुळलेल्या रेकॉर्डच्या जागांची खूण-यादी) आधी बनतोच. तो वर्क मेममध्ये मावला नाही (एका कामाला मिळणारी मेमरी, डिफॉल्ट ४ एमबी) की पोस्टग्रेस रेकॉर्डऐवजी फक्त पान लक्षात ठेवतं. लॉसी म्हणजे तेच. मग त्या पानावरचा प्रत्येक रेकॉर्ड पुन्हा तपासावा लागतो. फक्त त्या ट्रान्झॅक्शनपुरतं सेट लोकलने वर्क मेम ६४ एमबी करून पाहा. सर्व्हरभर वाढवू नका, कारण ही मर्यादा क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशला वेगवेगळी लागू होते.

इथेही दुर्मीळ शब्दाला जागेचा इंडेक्स नकोच असतो. ३०० रेकॉर्ड आणून अंतर मोजणं कधीही स्वस्त.

---

प्रतिसाद · नकाशा_टेबल

वर्गमूळाचा हिशोब पटला. पण एक कोडं राहतं. पीएसक्यूएल या कमांड लाइनमधून क्वेरी हाताने चालवली की प्लॅन बरोबर येतो, तीच क्वेरी अ‍ॅपमधून गेली की काही वेळाने चुकीचा. टार्गेट वाढवल्यावरही तसंच.

---

उत्तर · प्लॅन_वाचक

अ‍ॅपचा ड्रायव्हर प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून किंमती बदलत पुन्हा पुन्हा चालवायची क्वेरी) वापरत असणार. पहिल्या पाच वेळा पोस्टग्रेस प्रत्यक्ष शब्द पाहून प्लॅन बनवतं. त्यानंतर सर्वसामान्य प्लॅनची किंमत फार वेगळी दिसली नाही तर तोच कायम वापरतं, आणि त्या प्लॅनला शब्दही माहीत नसतो आणि त्रिज्याही. या क्वेरीसाठी प्लॅन कॅश मोड 'फोर्स कस्टम प्लॅन' करा (१२ पासून आहे). प्लॅन बनवायला लागणारा वेळ इथे वाचणाऱ्या सेकंदांपुढे नगण्य आहे.

आणखी एक तपासा: <-> च्या एका बाजूला बिंदू स्थिर किंमत म्हणून यायला हवा. तो सबक्वेरीतून किंवा विथ क्लॉजमधून आणला तर अंतराचा इंडेक्स लागत नाही. दुसऱ्या टेबलातले बिंदू हवे असतील तर लॅटरल जॉइन लिहा. एसटी-डिस्टन्स < ५००० अशी अट असेल तर तिलाही इंडेक्स नाही, एसटी-डीविदिनच हवं. आणि कॉलम जिऑग्राफीऐवजी ४३२६ ची जिऑमेट्री असता तर ५००० म्हणजे पाच हजार अंश झाले असते, म्हणजे सगळी पृथ्वी. तुमचा कॉलम जिऑग्राफी आहे, म्हणून मीटरच.

---

उत्तर · झाड_आणि_पान

वरच्या उत्तरात एक पर्याय राहिला: एकाच जिस्ट इंडेक्समध्ये दोन्ही कॉलम. टीएसव्हेक्टरला जिनप्रमाणे जिस्टही चालतो, त्यामुळे (जागा, शब्द) असा जोड इंडेक्स बनवता येतो आणि <-> चा क्रम मिळतानाच शब्दाची अट इंडेक्सच्या आत तपासली जाते.

आतली रचना समजून घेतली तर हा कधी चालेल आणि कधी नाही ते आपोआप कळतं. आर-ट्री (गटमन, १९८४) मध्ये प्रत्येक वरच्या नोडला खालच्या सगळ्यांना सामावणारा आयत असतो. टीएसव्हेक्टरसाठी जिस्ट त्याच नोडमध्ये बिटांची एक सही ठेवतो: प्रत्येक शब्द हॅश करून एक बिट लावायचा, आणि वरच्या नोडची सही म्हणजे खालच्या सगळ्या सह्यांचा ऑर. नोडच्या सहीत 'डायलिसिस'चा बिट नसेल तर त्या आयतातली सगळी ठिकाणं एका झटक्यात सोडता येतात. संशोधनात २००८ च्या सुमारास आयआर-स्क्वेअर-ट्री नावाने मांडलेली कल्पना हीच: आर-ट्रीच्या प्रत्येक नोडला शब्दांची सही. पुढे २००९ मध्ये आलेल्या आयआर-ट्रीने सहीच्या जागी नोडमागे एक छोटा इन्व्हर्टेड इंडेक्स (शब्दावरून रेकॉर्ड देणारी यादी) ठेवला, त्यामुळे शब्दाचं वजनही कळतं. तो पोस्टग्रेसमध्ये तयार मिळत नाही.

अडचण सहीच्या लांबीत आहे. डिफॉल्ट १२४ बाइट, म्हणजे ९९२ बिट. नावात चार-पाच शब्द असतील तर खालच्या पातळ्यांवर सही विरळ राहते आणि छाटणी छान होते. पण वर्णन लांबलचक असेल तर एक-दोन पातळ्या चढताच सगळे बिट लागतात आणि सही निरुपयोगी होते. तो नोड प्रत्येक शब्दाला 'असेल' म्हणत राहतो. पोस्टग्रेस १३ पासून ऑपरेटर क्लासला सिगलेन (सहीची लांबी) देता येतं, कमाल २०२४ बाइट. ते वाढवलं की ८ केबीच्या पानात कमी नोंदी मावतात, झाड उंच होतं, इंडेक्स फुगतो. २५६ पासून सुरुवात करा आणि आकार व वेळ दोन्ही मोजा.

शिवाय सहीचं उत्तर कधीच पक्कं नसतं, हॅश आदळतात, म्हणून खात्रीसाठी टेबलमधला रेकॉर्ड पाहावा लागतोच. कॉलमचा क्रम 'जागा' आधी हाच ठेवा, कारण पान फुटताना पहिल्या कॉलमचं वजन सगळ्यात जास्त असतं.

माझा सल्ला: या इंडेक्सात पूर्ण वर्णन घालू नका. फक्त नाव आणि प्रकार यांचा वेगळा छोटा टीएसव्हेक्टर करा. लोक 'जवळचं काय' विचारतात तेव्हा बहुतेक शब्द तिथलेच असतात.

---

उत्तर · पेशीवार

जिओहॅश आणि बी-ट्रीच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. नुसता जिओहॅशवर बी-ट्री टाकून शब्दाचं दुखणं जात नाही, कारण तो पुन्हा वेगळाच इंडेक्स. फायदा होतो तो जागेला शब्दासारखं वागवल्यावर.

जमिनीचे ठरावीक तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या, आणि रेकॉर्डमध्ये 'पेशी' नावाचा पूर्णांकांचा अ‍ॅरे ठेवा: तो बिंदू ज्या पेशीत आहे तिचा क्रमांक, दोन-तीन आकारांत. मग (पेशी, शब्द) असा एकच जिन इंडेक्स. दोन्ही प्रकार जिन मुळातच ओळखतो, एक्सटेन्शन लागत नाही. क्वेरीत पेशी && (भोवतालच्या पेशींचा अ‍ॅरे) आणि शब्द @@ क्वेरी. छेद जिनच्या आतच होतो. एका बाजूची यादी पुढे सरकली की दुसऱ्या बाजूच्या याद्यांमधली मधली पानं ओलांडता येतात, त्यामुळे दहा लाखांचा बिटमॅप आधी बनवावा लागत नाही. ५० किमीच्या क्वेरीवर मी हाच उपाय करेन.

पेशी कोणत्या पद्धतीच्या घ्यायच्या? जिओहॅशचे ५ अक्षरं म्हणजे विषुववृत्तावर साधारण ४.९ × ४.९ किमी, ६ अक्षरं म्हणजे १.२ × ०.६ किमी. त्याची रुंदी अक्षांशासोबत घटते: ६०° वर ५ अक्षरांची पेशी जेमतेम २.४ किमी रुंद. म्हणून 'मधली आणि तिच्या आठ शेजारी' हा नियम तेव्हाच पुरतो, जेव्हा त्रिज्या पेशीच्या लहान बाजूपेक्षा कमी असते. ४ किमी त्रिज्येला विषुववृत्तावर नऊ पेशी पुरतात, ६०° वर पुरत नाहीत आणि निकाल गुपचूप गळतात. ही चूक सापडायला फार वेळ लागतो, कारण क्वेरी चुकत नाही, फक्त कमी उत्तरं देते.

एच३ या दुसऱ्या पद्धतीत षटकोन आहेत, आकार बराचसा सारखा. रिझोल्यूशन ७ ची सरासरी पेशी सुमारे ५.१६ चौ. किमी, ८ ची ०.७४ चौ. किमी. क वलयांपर्यंतच्या पेशी १ + ३क(क+१): एक वलय ७, दोन १९, तीन ३७. मात्र लहान षटकोन मोठ्यात तंतोतंत मावत नाहीत, त्यामुळे मोठ्या पेशीचा अर्थ 'हिच्या आतलं सगळं' असा घेऊ नका. तसा काटेकोर समावेश हवा असेल तर एस२ ही पद्धत घ्या, तिथे प्रत्येक पेशीचे चार भाग पूर्णपणे तिच्या आतच असतात.

पेशींतून आलेले रेकॉर्ड हे फक्त उमेदवार. शेवटी एसटी-डीविदिन लावाच. आणि 'जवळचे वीस' पेशींनी शोधताना वलय वाढवत जायचं, पण वीस भरले म्हणून थांबायचं नाही. विसाव्याचं अंतर शोधलेल्या भागाच्या जवळच्या कडेपर्यंतच्या अंतराहून कमी असेल तरच थांबा. नाहीतर पुढच्या वलयातलं एखादं ठिकाण त्याहून जवळ असू शकतं.

एका त्रिज्येला किती पेशी लागतील ते २० ते ४० मध्ये ठेवा. त्याहून जास्त लागत असतील तर मोठ्या आकाराच्या पेशी वापरा. अ‍ॅरेत दोन-तीन आकार ठेवायचे ते यासाठीच.

---

प्रतिसाद · नकाशा_टेबल

हे करून पाहतो. दिवसभर इम्पोर्ट चालू असतो, त्याने जिनवर परिणाम होईल का?

---

उत्तर · पेशीवार

होईल. फास्टअपडेट चालू असताना जिन नवीन नोंदी आधी एका प्रलंबित यादीत टाकतो, आणि प्रत्येक शोधाला ती यादी सरळ वाचावी लागते. मर्यादा डिफॉल्ट ४ एमबी. ती भरली की जो इन्सर्ट त्या क्षणी आला असेल त्याच्या माथी साफसफाई येते, म्हणून मध्येच एखादा इन्सर्ट अडकलेला दिसतो. मोठा इम्पोर्ट संपल्यावर जिन क्लीन पेंडिंग लिस्ट हे फंक्शन स्वतः चालवा किंवा व्हॅक्यूम करा. शोधाचा वेळ सतत सारखाच हवा असेल तर फास्टअपडेट बंद करा, इन्सर्ट थोडे महाग पडतील.

---

उत्तर · शोधयंत्र

इलॅस्टिकसर्चबद्दल, कारण ते विचारलं होतं. ल्यूसीनमध्ये (त्याच्या आतलं शोध इंजिन) बिंदूंसाठी बीकेडी ट्री असतं आणि शब्दांसाठी पोस्टिंग लिस्ट (शब्दामागची डॉक्युमेंटची यादी), म्हणजे तिथेही इंडेक्स दोनच. फरक चालवण्यात आहे. शब्द दुर्मीळ असेल तर ते बीकेडी वाचतच नाही. शब्दाने दिलेल्या मोजक्या डॉक्युमेंटचे अक्षांश-रेखांश डॉक व्हॅल्यूजमधून (डॉक्युमेंटनुसार ठेवलेल्या किंमती) घेऊन थेट तपासतं. त्रिज्या लहान असेल तर उलट. वर वर्गमूळाने हाताने जे ठरवलं, तो निर्णय तिथे प्रत्येक सेगमेंटमध्ये (इंडेक्सचा तुकडा) आपोआप होतो.

त्रिज्येची अट बूल क्वेरीच्या फिल्टरमध्ये ठेवा, मस्टमध्ये नको, म्हणजे तिचा स्कोअर मोजला जात नाही. जवळच्याला वर आणायचं असेल तर फंक्शन स्कोअरऐवजी डिस्टन्स फीचर वापरा. एकूण हिट मोजायचे नसतील तर ते स्पर्धेत न येणारे डॉक्युमेंट ओलांडून जातं. जिओ पॉइंट अ‍ॅरे म्हणून दिला तर रेखांश आधी, स्ट्रिंग म्हणून दिला तर अक्षांश आधी. उलटं झालं तर बहुतेक वेळा एररही येत नाही, ठिकाणं भलत्याच खंडात जातात.

फक्त या एका क्वेरीसाठी दुसरं सर्व्हर उभं करून डेटा दोन्हीकडे जुळवत राहणं मला योग्य वाटत नाही. चुकीचं स्पेलिंग, समानार्थी शब्द, रँकिंग हेही हवं असेल तर मात्र जरूर न्या.

इतर कुणी वाचत असेल तर: मायएसक्यूएलमध्ये फुलटेक्स्ट इंडेक्स इंडेक्स मर्जमध्ये येत नाही, त्यामुळे दोन्हींचा छेद मिळत नाही. ८.० मध्ये कॉलमवर एसआरआयडी (४३२६ सारखा पद्धतीचा क्रमांक) लिहिलेला नसेल तर ऑप्टिमायझर स्पॅशियल (जागेचा) इंडेक्स पाहतही नाही. मोंगोडीबीत टेक्स्ट आणि टूडी-स्फिअर एका जोड इंडेक्समध्ये चालत नाहीत, आणि निअरसोबत टेक्स्ट क्वेरी करता येत नाही. जिओ-विदिन चालतं, कारण त्याला इंडेक्सची सक्ती नाही. या दोन्हींमध्ये वरचा पेशींचा मार्गच सगळ्यात सरळ.

---

उत्तर · प्लॅन_वाचक

एक भर. वर्गमूळाचा हिशोब शब्द सगळीकडे सारखे पसरलेत असं धरतो. 'जेटी' घ्या: ४०,००० ठिकाणी असेल, म्हणजे अंतराचा रस्ता योग्य वाटेल. पण शोधणारा समुद्रापासून ३०० किमी आत असेल तर किनारा येईपर्यंतचा प्रत्येक रेकॉर्ड पाहिला जाणार. प्लॅनरही जागा आणि शब्द स्वतंत्र धरतो, आणि एक्सटेंडेड स्टॅटिस्टिक्स या जोडीला उपयोगी पडत नाही.

म्हणून अंतराच्या रस्त्यावर कायम एसटी-डीविदिनची कमाल त्रिज्या लावा, समजा २५ किमी. तेवढ्यात वीस भरले नाहीत तर जिनच्या रस्त्याची क्वेरी चालवा. 'जेटी'चे ४०,००० रेकॉर्ड सॉर्ट करणं लाखो रेकॉर्ड चाळण्यापेक्षा पुष्कळ बरं.

मोजताना एक्सप्लेनला अ‍ॅनालाइझसोबत बफर्सही द्या आणि किमान पाच क्वेरी घ्या: सर्रास शब्द दाट भागात, सर्रास शब्द विरळ भागात, दुर्मीळ शब्द दोन्हीकडे, आणि 'जेटी' किनाऱ्यापासून लांब. प्रत्येक बदलानंतर पाचही पुन्हा. वेळेपेक्षा बफर्सचा आकडा पाहा. वेळ कॅशमुळे हलतो, वाचलेली पानं सहसा तितकीच राहतात.